स्प्लाइन जोडाची झीज

स्प्लाइन म्हणजे शाफ्टच्या पृष्ठभागावर त्याच्या लांबीला समांतर कोरलेल्या दातांची रांग होय. या दातांवर तितक्याच खाचा आतून कोरलेली नाभी बसते. त्यामुळे शाफ्ट आणि नाभी एकत्र फिरतात, मात्र आवश्यक तेथे एकमेकांवर लांबीच्या दिशेने सरकू शकतात. शेतात, नदीपात्रात, घाटवाटांवर चालणाऱ्या जीप व ट्रॅक्टरसारख्या वाहनांत इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचेपर्यंत अशा अनेक जोडांतून जाते. या जोडांचे दात हळूहळू पातळ होण्याला स्प्लाइनची झीज म्हणतात. बहुतेक जोड झाकलेले असल्यामुळे ही झीज डोळ्यांना दिसत नाही. दात पूर्णपणे घासले गेल्यावर इंजिन चालू असते, गिअर पडलेला असतो, पण वाहन जागचे हलत नाही. काही जुन्या जीपगाड्यांत त्याच क्षणी हातब्रेकही निरुपयोगी होतो. झिजलेला स्प्लाइन हा पुष्कळदा मूळ दोष नसून अन्य एखाद्या दोषाचा परिणाम असतो, त्यामुळे केवळ भाग बदलल्याने दुरुस्ती पूर्ण होत नाही.

रचना

शाफ्टवर चाक किंवा गिअर पक्का करण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे चावी बसवणे. चावीत सगळा भार एकाच खाचेवर येतो. स्प्लाइनमध्ये तो अनेक दातांत विभागला जातो आणि शाफ्टच्या मध्याभोवती सारखा वाटला जातो. दातांचे दोन मुख्य प्रकार आहेत. सरळ बाजूंच्या प्रकारात दातांच्या दोन्ही कडा समांतर असतात. ट्रॅक्टरच्या मागील शक्तिशाफ्टवरील सहा दात हे त्याचे ओळखीचे उदाहरण आहे. दुसऱ्या, म्हणजे इन्व्होल्यूट प्रकारात दातांच्या बाजू गिअरच्या दातांप्रमाणे वक्र असतात. हे दात मुळाशी रुंद असल्यामुळे अधिक बळकट असतात आणि भार आला की नाभीला आपोआप मध्यावर आणतात. सरळ बाजूंच्या स्प्लाइनसाठी आयएसओ १४ आणि इन्व्होल्यूट स्प्लाइनसाठी आयएसओ ४१५६ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. आधुनिक वाहनांत दुसरा प्रकार अधिक आढळतो.

काही जोड स्थिर असतात, तर काही सरकते. अ‍ॅक्सल शाफ्टचे आतील टोक डिफरन्शियलच्या बाजूच्या गिअरमध्ये बसते, तेथे सरकणे जवळजवळ नसतेच. क्लच प्लेटची नाभी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर किंचित सरकते. प्रॉपेलर शाफ्टमधील सरकता जोड मात्र प्रत्येक खड्ड्यागणिक आत-बाहेर होतो. कमानपाटे दबले की मागील अ‍ॅक्सल वर येतो, ट्रान्स्फर केस आणि अ‍ॅक्सल यांतील अंतर बदलते आणि तो बदल या जोडाला सामावून घ्यावा लागतो. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस वेगवेगळे असून त्यांच्यामध्ये आणखी एक आखूड शाफ्ट आहे. अशा रचनेत तपासायचे जोड वाढतात.

दातांवरील भार

रस्त्यावरील मोटारीपेक्षा चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत स्प्लाइन लवकर का झिजतात, हे साध्या आकडेमोडीने समजते. समजा इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर आहे, पहिल्या गिअरचे प्रमाण ४ आणि ट्रान्स्फर केसमधील लो गिअरचे प्रमाण २.५ आहे. घर्षणातील घट सोडली तर प्रॉपेलर शाफ्टवर २,००० न्यूटन-मीटर पीळ येऊ शकतो. दातांची सरासरी त्रिज्या १६ मिलिमीटर धरल्यास त्या त्रिज्येवर १,२५,००० न्यूटन, म्हणजे सुमारे पावणेतेरा टन वजनाइतके बल पडते. दहा दात असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा टनाहून थोडे अधिक येते. प्रत्यक्षात सगळे दात सारखेच टेकत नाहीत. घडणीतील सूक्ष्म फरकांमुळे काही दात अधिक भार उचलतात आणि तेच आधी झिजतात.

हा भार चाकांच्या पकडीने मर्यादित होतो. सैल मातीत चाक घसरते आणि पीळ वाढत नाही. चिखलात वेगाने फिरणारे चाक अचानक खडकावर टेकले, तर मात्र फिरत्या भागांत साठलेली सर्व ऊर्जा क्षणात दातांवर आदळते. क्लच झटक्याने सोडण्याचा परिणामही असाच होतो.

झिजेची कारणे

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कोरडेपणा. स्थिर वाटणाऱ्या जोडातही दात एकमेकांवर मिलिमीटरच्या शतांश भागाइतके पुढे-मागे हलत असतात. वंगण नसेल तर या सूक्ष्म हालचालीत पोलादाचे कण सुटतात, हवेने गंजतात आणि गंजाची कठीण भुकटी पुन्हा दातांमध्ये घासली जाते. जोड उघडल्यावर तांबूस, विटकरीसारखी भुकटी दिसली तर झीज या प्रकारची आहे असे समजावे. ब्रिटिश बनावटीच्या लँड रोव्हर डिफेंडर गाडीतील एक दोष या बाबतीत बोधप्रद आहे. तिच्या गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचे टोक ट्रान्स्फर केसच्या गिअरमध्ये स्प्लाइनने बसते. दोन्ही पेट्यांत तेल असूनही नेमक्या या जोडापर्यंत ते पुरेसे पोहोचत नसे, आणि दात खाल्ले जात. पुढे त्या गिअरला आडवी छिद्रे पाडून तेलाला वाट करून देण्यात आली. दात अधिक कठीण करण्यापेक्षा तेलाची वाट उघडणे हाच तेथे खरा उपाय होता.

दुसरे कारण वाकडेपणा. इंजिन किंवा गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग बसले, बेअरिंग ढिले झाले किंवा शाफ्ट किंचित वाकला, तर नाभी शाफ्टवर तिरकी टेकते आणि दाताच्या एका टोकावरच भार येतो. गाडीची उंची वाढवण्यासाठी कमानपाट्यांखाली ठोकळे घालण्याची हौस हेही कारण ठरते. अ‍ॅक्सल खाली गेल्याने प्रॉपेलर शाफ्टचा सरकता जोड बाहेर ओढला जातो आणि दातांची एकमेकांत गुंतलेली लांबी घटते. तेवढाच पीळ कमी लांबीवर पडतो. चिखल व पाणी जोडाच्या फाटक्या सीलमधून आत शिरणे, बदललेला भाग हलक्या पोलादाचा असणे किंवा त्याला नीट पाणी दिलेले नसणे, हीही कारणे आढळतात.

काळ्या जमिनीतील वापर

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड हे गाव मेहकर–सिंदखेडराजा–जालना मार्गावर आहे. आसपासच्या शेतीत काळी, चिकण जमीन मोठ्या प्रमाणात असून सोयाबीन, कापूस आणि तूर ही प्रमुख पिके आहेत. पावसाळ्यात ही माती चाकाला गोळ्यांनी चिकटते आणि चाकाबरोबर अ‍ॅक्सलपर्यंत चढते. उन्हाळ्यात तिचीच बारीक धूळ होते. ग्रीसमध्ये मिसळलेली ही धूळ पॉलिश कागदाप्रमाणे दात घासते. त्यामुळे अशा भागात ग्रीस भरण्याचा कालावधी केवळ किलोमीटरवर किंवा तासांवर ठरवणे अपुरे आहे.

या परिसरात जीपच्या स्प्लाइनपेक्षा ट्रॅक्टरच्या मागील शक्तिशाफ्टचा, म्हणजे पीटीओचा स्प्लाइन अधिक लोकांच्या हाताखालून जातो. सोयाबीनच्या काढणीनंतर मळणी यंत्रे याच शाफ्टवर चालतात. आयएसओ ५०० या मानकानुसार मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या शाफ्टला सहा सरळ दात असून त्याचा व्यास ३५ मिलिमीटर असतो, तर १,००० फेऱ्यांसाठीच्या त्याच व्यासाच्या शाफ्टला २१ इन्व्होल्यूट दात असतात. दातांची संख्या निराळी ठेवण्याचा एक लाभ असा की, ५४० फेऱ्यांचे अवजार चुकून दुप्पट वेगाच्या शाफ्टवर चढत नाही. सहा दातांच्या शाफ्टवर यंत्राचा जोड खटक्याच्या पिनने अडकतो. दात आणि पिनची खाच झिजली की जोड मागे सरकू लागतो. मग पिनच्या जागी आरपार नट-बोल्ट घालण्याची युक्ती केली जाते, आणि धोका तेथेच सुरू होतो. मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. जोडाचा बाहेरील व्यास १० सेंटिमीटर धरला तर बोल्टच्या बाहेर आलेल्या टोकात अडकलेला पदर किंवा उपरणे सेकंदाला जवळजवळ पावणेतीन मीटर या गतीने ओढले जाते. माणसाला मागे सरायला तेवढा वेळ मिळत नाही. येथे झिजलेला जोड बदलणे आणि शाफ्टवरील प्लास्टिकचे संरक्षक आवरण परत बसवणे, दोन्ही अनिवार्य मानले पाहिजे.

निदान

झिजेचे पहिले लक्षण म्हणजे आवाज. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढताना आणि पुन्हा देताना, किंवा पुढचा व मागचा गिअर आलटून-पालटून टाकताना खालून ‘खट्’ असा ठोका ऐकू येतो. हा ठोका केवळ स्प्लाइनचाच असेल असे नाही. युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात, क्राऊन-पिनियनमधील ढिलाई, डिफरन्शियलमधील लहान गिअर, सैल झालेले यू-बोल्ट यांचाही ठोका तसाच असतो. आवाज ऐकून क्रॉस बदलायचा, तो राहिला तर डिफरन्शियल उघडायचे, ही पद्धत खर्चिक आहे. ढिलाई कोठे आहे हे प्रत्येक जोडावर वेगवेगळे पाहता येते.

त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून पुढील व मागील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावतात. इंजिन बंद करून गिअर टाकतात. प्रत्येक जोडाच्या दोन्ही भागांवरून जाणारी खडूची एकच सरळ रेघ मारतात. एका व्यक्तीने प्रॉपेलर शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळायचा आणि दुसऱ्याने रेघांकडे पाहायचे. ज्या जोडावर रेघ तुटते, म्हणजे एक भाग हलतो आणि दुसरा हलत नाही, तेथे ढिलाई आहे. नंतर सरकता जोड वर-खाली हलवून पाहतात. पिळताना व वर-खाली हलवताना दोन्ही वेळी तो हलला तर दात बरेच झिजलेले असतात. हातब्रेक ट्रान्स्फर केसवर असलेल्या गाडीत या तपासणीच्या वेळी तो सोडावा लागतो, अन्यथा तो शाफ्टचे एक टोक घट्ट धरून ठेवतो आणि त्यापलीकडील ढिलाई लपते.

ढिलाईचे माप कोठून घेतले यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. १६ मिलिमीटर त्रिज्येच्या स्प्लाइनमध्ये अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक म्हणजे जवळजवळ पावणेदोन अंश. ही मोकळीक अ‍ॅक्सल शाफ्टच्या स्प्लाइनमध्ये असेल तर ३६० मिलिमीटर त्रिज्येच्या टायरच्या पृष्ठभागावर ती सुमारे ११ मिलिमीटर दिसते. तीच मोकळीक प्रॉपेलर शाफ्टच्या जोडात असेल आणि अ‍ॅक्सलचे प्रमाण ४ असेल, तर चाकावर ती तीन मिलिमीटरहूनही कमी दिसते. म्हणून केवळ चाक हलवून ‘फारशी ढिलाई नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचा झिजलेला जोड सापडत नाही.

दात पूर्ण निकामी झाल्यावर प्रश्न वेगळा असतो: साखळी कोठे तुटली? जुन्या जीपगाड्यांत वेगमापकाची तार ट्रान्स्फर केसमधून निघते. गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला असता गाडी उभी असूनही वेगमापकाचा काटा चढला, तर दोष ट्रान्स्फर केसच्या पलीकडे आहे. काटा शून्यावरच राहिला तर दोष क्लचपासून ट्रान्स्फर केसपर्यंत कोठेतरी आहे. क्लच प्लेट जळाली असेल तर वास येतो, प्लेटच्या नाभीचे दात गेले असतील तर येत नाही. चाकांवरील संवेदकांकडून वेग घेणाऱ्या नव्या गाड्यांत ही युक्ती चालत नाही.

प्रॉपेलर शाफ्ट फिरतो, पण मागील चाके फिरत नाहीत, अशा वेळी बहुधा एका बाजूचा अ‍ॅक्सल शाफ्ट किंवा त्याचा स्प्लाइन गेलेला असतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एकच बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूचा ओढही संपतो, कारण सगळी गती मोकळ्या बाजूला निघून जाते. चारही चाकांचे चालन लावल्यावर गाडी पुढील चाकांनी हलली तर हे निदान पक्के होते, आणि सावकाश घरी परतण्याची सोयही होते. मागील दोन्ही चाके घोड्यांवर उचलून गिअर टाकलेला ठेवल्यास, एक चाक फिरवले असता दुसरे उलट दिशेने फिरले पाहिजे. फिरले नाही तर एक बाजू तुटली आहे. ती कोणती, हे शाफ्ट बाहेर ओढल्यावरच निश्चित होते.

विलिस जीप आणि मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या जुळणीपासून सुरू झालेल्या महिंद्राच्या आरंभीच्या जीपगाड्या यांत हातब्रेकचा ड्रम चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी असे. हा ब्रेक प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि अ‍ॅक्सल शाफ्ट यांच्याद्वारेच चाके धरतो. यांतील कोणताही स्प्लाइन सुटला तर उतारावर उभी केलेली गाडी हातब्रेक ओढलेला असूनही घसरू शकते. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घसरते, कारण तिला धरणारी साखळी तीच आहे. इतकेच नव्हे, सर्व दात शाबूत असतानाही मागील एकच चाक जॅकवर उचलले की ते अधांतरी चाक उलटे फिरून गाडीला सरकू देते. त्यामुळे अशा गाडीखाली शिरण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावण्याला पर्याय नाही.

भाग सुटा केल्यावर

नाभी दातांच्या पूर्ण लांबीवर क्वचितच बसते. ज्या भागावर ती कधी टेकलेली नसते तेथील दात मूळ जाडीचे राहतात. झिजलेला व न झिजलेला भाग यांच्या सीमेवर नख फिरवले असता पायरी लागते. व्हर्नियरने दोन्ही ठिकाणची जाडी मोजून वजा केली की झीज मिळते, त्यासाठी नव्या भागाची गरज पडत नाही. ग्राह्य मर्यादा निर्मात्याच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहावी. पुस्तिका उपलब्ध नसल्यास, नखाला स्पष्ट लागणारी पायरी असलेला भाग परत बसवू नये.

झीज आणि पीळ यांत गल्लत करू नये. दातावर सरळ पट्टी धरली असता दात मळसूत्रासारखा तिरका गेलेला दिसला, तर तो शाफ्ट घासलेला नसून अतिभाराने पिळला गेला आहे. त्याचे पोलाद आतून थकलेले असते. दातांची जाडी पूर्ण असली तरी तो शाफ्ट बाद करावा. दातांच्या मुळाशी भेगा आहेत का हे रंगद्रव्याच्या चाचणीने कळते: साफ केलेल्या पृष्ठभागावर लाल द्रव लावतात, पुसतात, आणि वर पांढरा थर फवारतात. भेग असेल तेथे लाल रेघ उमटते.

दुरुस्ती

शाफ्ट आणि नाभी दोन्ही बदलणे हा मुख्य उपाय आहे. खर्च वाचवण्यासाठी फक्त शाफ्ट बदलण्याचा मोह होतो, कारण नाभी डिफरन्शियलमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये खोल असते. परंतु जुन्या नाभीच्या खाचा झिजून तिरक्या झालेल्या असतात. नव्या शाफ्टचे दात त्यांच्या टोकांवरच टेकतात आणि नवा शाफ्ट जुन्यापेक्षा लवकर जातो. डिफरन्शियलमधील स्प्लाइन तुटला असेल तर पोलादाचे तुकडे तेलात पडलेले असतात. ते धुऊन काढले नाहीत तर क्राऊन-पिनियन आणि बेअरिंगही खराब होतात.

प्रॉपेलर शाफ्टच्या बाबतीत संपूर्ण शाफ्ट बदलण्याची गरज नसते. नळीचे वेल्डिंग लेथवर कापून स्प्लाइनचे जुने टोक काढतात, नवे टोक सरळ बसवून पुन्हा वेल्ड करतात आणि शाफ्ट संतुलित करून घेतात. जोडताना दोन्ही टोकांचे कान एकाच प्रतलात यावे लागतात. एका दाताचाही फरक पडला तर वेगात कंप सुटतो. म्हणून शाफ्ट उघडण्यापूर्वीच दोन्ही भागांवर खूण करून ठेवण्याची पद्धत आहे.

नवा भाग मिळत नसल्यास स्प्लाइन पुन्हा कोरून घेता येतो. मिलिंग यंत्रावरील विभाजक शीर्षाचे प्रमाण बहुधा ४० असते. सहा दातांसाठी प्रत्येक दातागणिक हँडल ४० भागिले ६, म्हणजे सहा पूर्ण फेरे आणि वर दोन तृतीयांश फिरवावे लागते. १८ छिद्रांच्या वर्तुळावर ही दोन तृतीयांश म्हणजे १२ छिद्रे होतात. दहा दातांसाठी नेमके चार फेरे पुरतात. बाहेरचे दात कोरणे असे सोपे आहे. नाभीच्या आतील खाचांसाठी मात्र ब्रोच किंवा स्लॉटिंग यंत्र लागते, म्हणून नाभी शक्यतो तयारच घेतात. कोरल्यानंतर शाफ्टला योग्य रीतीने पाणी दिले नाही तर सगळे काम काही महिन्यांत वाया जाते.

झिजलेल्या दातांवर वेल्डिंगचा थर चढवून ते पुन्हा कोरण्याची पद्धत गावोगावी चालते. संथ चालणाऱ्या शेतीच्या अवजारात ती निभावते. अ‍ॅक्सल शाफ्टसाठी ती अयोग्य आहे. अशा शाफ्टचे पोलाद मध्यम कार्बनचे किंवा मिश्रधातूचे असते. ते आधी तापवून न घेता वेल्ड केल्यास थराच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार होतो, मूळची कठीणता जाते, आणि शाफ्ट पुढे त्याच पट्ट्यावर तुटतो. त्याहून वाईट युक्ती म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचा सरकता जोडच वेल्ड करून टाकणे. ठोका तत्काळ थांबतो आणि दुरुस्ती झाली असे वाटते. पण अ‍ॅक्सल वर येताच शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही, आणि तो धक्का थेट ट्रान्स्फर केसच्या व पिनियनच्या बेअरिंगवर जातो. दातांमध्ये पत्र्याची पट्टी ठोकणे हा उपाय गाडी गावापर्यंत नेण्यापुरता आहे. स्थिर जोडातील अल्प ढिलाईसाठी धातूचे भाग पक्के करणारा रासायनिक द्रव वापरता येतो, मात्र सरकत्या जोडात तो कधीही घालू नये.

वंगण

सरकत्या जोडासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले लिथियम ग्रीस प्रचलित आहे. काही जोडांच्या टोकाला हवेसाठी लहान छिद्र असते. ग्रीस त्या छिद्रातून येईपर्यंत भरावे, मग छिद्र बोटाने दाबून सीलच्या कडेने ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरत राहावे. छिद्र बुजलेले असताना ग्रीस ठासले तर जोड आत सरकू शकत नाही आणि परिणाम वेल्ड केलेल्या जोडासारखाच होतो. पाण्यातून किंवा चिखलातून गाडी गेल्यास त्याच दिवशी ग्रीस भरून आतले पाणी बाहेर ढकलणे योग्य. बाहेर आलेले ग्रीस दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, काळे आणि चमचमणारे असेल तर धातू झिजत आहे. क्लच प्लेटच्या नाभीला मात्र ग्रीसचा अत्यंत पातळ हात पुरतो. जास्त झाल्यास ते उडून प्लेटवर जाते आणि क्लच घसरू लागतो.